मधल्या माणसाची गोड जीभ

गेल्या दिवाळींत माझा भाचा पुण्याहून पुसेगांवीं आला होता. (सेवागिरी महाराजांच्या यात्रेचें पुसेगांव तें सातारा जिल्ह्यांतलें, आमचें हिंगोली जिल्ह्यांत, सेनगांव तालुक्यांत. आमचीं पत्रें तिकडे फिरून येण्याचा प्रकार जुनाच आहे.) हिंजवडीच्या एका कंपनींत तो 'प्रॉडक्ट मॅनेजर' आहे. हा हुद्दा म्हणजे नेमकें काय, हें त्याच्या आईस गेल्या चार वर्षांत उमगलेलें नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर मलाहि त्या दिवसापर्यंत उमगलेलें नव्हतें. ओसरीवर बसल्याबसल्या मीं त्याला सरळच विचारलें, "तूं संगणकाचे प्रोग्राम लिहितोस काय?"

"नाहीं, मामा."

"मग कंपनीचा पैसा कोठें घालावा तें ठरवितोस?"

"तेंहि नाहीं."

"मग करतोस तरी काय?"

तो जरा हसला आणि म्हणाला, "वरच्यांना काय पाहिजे तें खालच्यांना सांगतों, आणि खालच्यांना काय जमेल तें वरच्यांना सांगतों. दोघांच्या अपेक्षांचा मेळ घालतों."

"आणि मेळ बसलाच नाहीं तर?"

"बसवावा लागतो, मामा. त्याचाच तर पगार मिळतो."

हें त्यानें अगदीं सहज सांगितलें. कुठल्याशा प्रशिक्षणवर्गांत त्याला असें शिकविलें होतें कीं, वरिष्ठांकडे 'नाहीं' हा शब्द कधींहि घेऊन जाऊं नये, 'होय, परंतु' असा न्यावा. पुढें अनुभवानें तो 'परंतु' सुद्धां गाळावयास शिकला. सणाच्या दिवशीं मी त्याला काय बोलणार? परंतु तेव्हांपासून हा 'मेळ' माझ्या डोक्यांतून जात नाहीं. मधल्या माणसाचें काम म्हणजे दोन्ही बाजूंच्या अपेक्षा जुळवून देणें, हें मत आज हिंजवडीपुरतें राहिलेलें नाहीं. कचेऱ्या, शाळा, इस्पितळें, सर्वत्र तें प्रतिष्ठा पावलें आहे. तें मत चुकीचें तर आहेच, पण त्यांतून माणसांचें प्रत्यक्ष नुकसान होतें, असें माझें म्हणणें आहे. आणि तें मी येथें जरा विस्तारानें मांडणार आहें.

प्रथम त्या शब्दाचाच समाचार घेऊं. नामदेवांची नर्सी ज्या जिल्ह्यांत आहे त्या जिल्ह्यांतल्या माणसाला टाळ-मृदंगाचा मेळ कोणीं शिकवावयास नको. तो बसतो, कारण टाळकरी आणि मृदंगी एकच अभंग म्हणत असतात. येथें वरचे एक अभंग म्हणत आहेत, खालचे दुसराच. आणि मधला माणूस दोघांच्याहि कानांत कापूस घालून त्यांना एका तालावर डोलावयास लावीत आहे. दुरून पाहणाऱ्यास हें भजन वाटेल. पण कापूस काढण्याची वेळ येते तेव्हां काय होतें?

ह्या हुद्द्याचा उगम पाहिला तर ही गोड जीभ त्याच्या वतनांत मुळीं नव्हतीच. १९३१ च्या मे महिन्यांत अमेरिकेंतील प्रॉक्टर अँड गॅम्बल ह्या साबणाच्या कंपनींत नील मॅकेल्रॉय नांवाच्या तरुण अधिकाऱ्यानें वरिष्ठांसाठीं एक टिपण लिहिलें. एकेका मालाची सगळी जबाबदारी एकेका माणसावर असावी. त्या माणसानें मुलूख हिंडावा, कोणत्या भागांत माल खपत नाहीं तें शोधून काढावें, आणि त्याचें कारण व उपाय वर सांगावा, असा त्या टिपणाचा आशय. (हेच मॅकेल्रॉय पुढें १९५७ मध्यें अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले; साबणापासून क्षेपणास्त्रांपर्यंतचा हा प्रवास एका स्वतंत्र लेखाचा विषय होईल.) म्हणजे ज्याला आज प्रॉडक्ट मॅनेजर म्हणतात त्याचा मूळपुरुष दुखणें शोधण्यासाठीं नेमला गेला होता. दुखणें झांकण्याची कामगिरी त्याच्या गळ्यांत मागाहून पडली.

आतां मी आमच्या मुलखाकडे वळतों, कारण वर आणि खालीं ह्यांच्या मध्यें उभें राहण्याचा धंदा मराठवाड्यास नवा नाहीं. निजामी राज्यांत पहिल्या सालारजंगानें १८६५ सालीं जिल्हाबंदी केली. तत्पूर्वीं तालुकदार म्हणजे बहुधा मक्तेदार असे. हैदराबादेस अमुक रक्कम भरतों असें त्यानें कबूल करावयाचें, आणि मग ती रयतेकडून उगवून घ्यावयाची. पाऊस पडो वा न पडो, वर कबूल केलेला आंकडा ठरलेला. तो जमिनींतून आला नाहीं तर रयतेच्या पाठींतून येई. हैदराबादच्या दिवाणखान्यांत ह्या व्यवस्थेविषयीं वर्षानुवर्षें समाधान असलें पाहिजे. आंकडा जुळत होता. मेळ बसलेला होता. सालारजंगानें मक्ता मोडून पगारी तालुकदार नेमले तें कांहीं केवळ दयाबुद्धीनें नव्हे. जुळलेल्या आंकड्याखालीं मुलूख ओस पडत चालला होता आणि खजिना रिकामा होता. माझ्या भाच्याच्या पगारपत्रकावर मोठें इंग्रजी नांव असेल, पण वरिष्ठांना तारीख कबूल करून ती नऊ माणसांच्या झोपेंतून उगवून घेणारा मनुष्य हा जुना मक्तेदारच होय.

पगारी कारभार आला तरी मधली अडचण संपली नाहीं. गांवची भाषा मराठी. दरबारची आधीं फारशी आणि १८८४ च्या सुमारास उर्दू. पटवारी, गिरदावर, तहसीलदार, तालुकदार अशी पायरी. शिवारांतलें दुःख एकेक पायरी चढतांना भाषाहि बदलीत असे. अशा प्रवासांत शब्द झिजतात हें समजण्यासारखें आहे. पण हिंजवडींत वरचे आणि खालचे दोघेहि एकच इंग्रजी बोलतात, आणि तरीहि शब्द झिजतो, ह्याला काय म्हणावें?

१९४८ च्या सप्टेंबरांत निजामी गेली, पुढें वतनें गेलीं, तलाठी आला. (त्यालाहि सरकारनें आतां नवें नांव दिलें आहे, गांवाच्या तोंडीं तो तलाठीच.) ह्या कारभारांत मात्र एक गोष्ट अशी आहे कीं, ती हिंजवडीच्या विद्वानांनीं येऊन पाहावी. ती म्हणजे पैसेवारी. प्रमाण उत्पन्न शंभर पैसे धरावें, आणि यंदाचें पीक त्या मानानें किती पैसे, तें गांववार ठरवावें. पन्नासाच्या आंत आलें कीं गांव टंचाईच्या सवलतींस पात्र. दुष्काळ ठरविण्याच्या इतर कसोट्याहि आतां आल्या आहेत, तरी गांवाचे डोळे अजून पैसेवारीकडेच असतात. आमच्या भागांत खरिपाची पैसेवारी एकदां जाहीर होत नाहीं, तीनदां होते. सप्टेंबरअखेर 'नजर' पैसेवारी, ऑक्टोबरअखेर 'सुधारित', आणि १५ डिसेंबरला 'अंतिम'. पीक उभें असतां केलेला अंदाज तो नजरेचा; पुढें शेतांत चौकोन आंखून पीक कापावें, मळावें, तोलावें, आणि मग अंतिम शब्द बोलावा.

ह्यांत शहाणपण कोठें आहे? नांवांत आहे. पहिल्या आंकड्याला 'नजर' म्हणतात. त्याच्या अंगावरच लिहिलेलें आहे कीं, हें डोळ्यांनीं पाहून सांगितलें आहे, तराजूनें नव्हे. सप्टेंबरांत पंचावन्न पैसे सांगून डिसेंबरांत बेचाळीस सांगितले म्हणून तलाठ्याला कोणी खोटा म्हणत नाहीं, आणि कलेक्टरहि सप्टेंबरचा आंकडा छातीला धरून बसत नाहीं. पैसेवारी नेहमीं खरी असते असें माझें म्हणणें नाहीं. ती वर कशी ओढली जाते ह्याच्या कहाण्या पारावर बसून कोणीहि सांगेल, आणि त्या ओढाताणीविरुद्ध आमचे शेतकरी कचेरीवर जातातहि. पण निदान शंकेला कागदावर जागा आहे. मोडली ती जागा नव्हे, माणसें मोडतात.

संगणकाच्या शास्त्रालाहि हें ठाऊक नाहीं असें नाहीं. बॅरी बोएम ह्या अमेरिकन तज्ज्ञानें १९८१ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें कीं, कामाच्या अगदीं आरंभीं केलेला अंदाज चौपट मोठा किंवा चतुर्थांश लहानहि ठरूं शकतो. काम जसजसें स्पष्ट होत जातें तसतसें हें अंतर आंखडत जातें. हीच आमची नजर, सुधारित आणि अंतिम. २००१ च्या फेब्रुवारींत यूटा प्रांतांतल्या एका बर्फाळ विश्रामस्थानीं सतरा संगणकज्ञ जमले आणि त्यांनीं एक जाहीरनामा काढला, त्याचा भरहि असाच कीं, एका बैठकींत ठरलेल्या योजनेला कवटाळूं नये, थोडें थोडें करावें, दाखवावें, आणि बदलत जावें. माझ्या भाच्याला हा जाहीरनामा तोंडपाठ आहे. त्याच्या कंपनीच्या भिंतीवरहि तो टांगलेला आहे म्हणतो. भिंतीवर सुविचार टांगण्याची हौस आम्हां शाळामास्तरांनाहि असते, म्हणून त्याविषयीं अधिक बोलत नाहीं.

आतां त्या ओसरीवरच्या दिवाळीची हकीकत. परदेशांतल्या एका गिऱ्हाइकासाठीं हिशेबाचा एक नवा भाग तयार करावयाचा होता. जुलैंत भाच्यानें आपल्या नऊ जणांना विचारलें. ते म्हणाले, चार ते सात महिने. एक मुलगी ठाम होती कीं, सातच. कारण जुन्या हिशेबाशीं सांधा जुळविण्याचें काम कोणी नीट पाहिलेलेंच नाहीं. भाच्यानें वर लिहिलें : 'सुमारें चार महिने, विशेष प्रयत्न केल्यास तीन.' वरच्यानें त्याच्या वरच्याला सांगितलें : 'तीन.' त्यानें गिऱ्हाइकाला सांगितलें : 'दसऱ्याला.' पाहा, 'सात' हा आंकडा माझ्या भाच्याच्या मेजावर मेला, आणि 'विशेष प्रयत्न केल्यास' हे शब्द पुढच्या मेजावर. खोटें असें कोणीच बोललें नाहीं. प्रत्येकानें थोडीथोडी साखर घातली, इतकेंच. मग भाच्यानें खालीं येऊन सांगितलें कीं, दसरा ही गिऱ्हाइकाचीच अट आहे, तींत बदल होणें नाहीं. हेंहि पुरतें खरें नव्हतें. गिऱ्हाइकानें तारीख विचारली होती, घातली नव्हती. परंतु अशानें माणसें निमूटपणें कामाला लागतात.

नऊ माणसें दोन महिने रात्रीं बसलीं. तपासणीचें काम आवरतें घेतलें. दसऱ्याला माल दिला, मिठाई वांटली, फोटो निघाले. आठव्या दिवशीं तो परत घ्यावा लागला, कारण सांध्यावर रकमा दोनदां धरल्या जात होत्या. सात महिने म्हणणारी मुलगी राजीनामा देऊन गेली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीं माझा भाचा पाटासमोर बसण्याऐवजीं माडीवर संगणकापुढें बसला होता, आणि त्याची आई दोनदां जिना चढून उतरली. मीं त्याला विचारलें, "त्या मुलीचा सातचा आंकडा वर सांगितला असतास तर काय झालें असतें?" तो म्हणाला, "मामा, काम मिळालेंच नसतें." ह्या उत्तराकडे मी पुढें वळणार आहें, कारण मेळवाद्यांचें सगळ्यांत भक्कम उत्तर तेंच आहे.

एका घरची गोष्ट म्हणून ती सोडून द्यावी असें कोणी म्हणेल. तर मग २०१७ सालचें मुंबई विद्यापीठ घ्या. त्या उन्हाळ्यांतल्या परीक्षांच्या उत्तरपत्रिका कागदावर न तपासतां संगणकाच्या पडद्यावर तपासावयाच्या, असें परीक्षांच्या ऐन तोंडावर ठरलें. उत्तरपत्रिका सतरा लाखांहून अधिक. त्या एकूण एक छायांकित करावयाच्या, प्राध्यापकांना वांटावयाच्या, आणि ज्यांनीं जन्मभर तांबड्या शाईनें गुण दिले त्यांना पडद्यावर गुण द्यावयास शिकवावयाचें. एखाद्या लहान विद्याशाखेपासून आरंभ करून पाहावें, एवढी साधी गोष्ट. पण एकदम सगळेंच. कायद्यानें निकाल पंचेचाळीस दिवसांत लागावयास हवा. कुलपति असलेल्या राज्यपालांनीं ३१ जुलैची मुदत घातली. ती टळली. मग ऑगस्टांतली एक तारीख, मग दुसरी, मग आणखी एक. प्राध्यापकांना तपासणीस बसतां यावें म्हणून कॉलेजांतलीं व्याख्यानें बंद ठेवलीं गेलीं. गणपति येऊन गेले तरी निकाल पुरे झाले नव्हते. कोणाच्या उत्तरपत्रिका सांपडेनात, कोणाचा पुढच्या शिक्षणाचा प्रवेश हुकला, कोणाची परदेशींची जागा गेली. २४ ऑक्टोबरला कुलगुरूंना पदावरून दूर करण्यांत आलें.

लोकांनीं तेव्हां यंत्राला दोष दिला, कुलगुरूंना दिला, प्राध्यापकांच्या आळसाला दिला. मला त्या उन्हाळ्यांतल्या तारखांची माळ बोलकी वाटते. एक तारीख चुकली तर ती चूक. ओळीनें चार-पांच तारखा चुकल्या तर त्याचा अर्थ असा कीं, दर खेपेस वर जो आंकडा गेला तो तपासणीच्या मेजावरून निघालेला नव्हता, वरच्यांच्या चेहऱ्याकडे पाहून काढलेला होता. रोज किती उत्तरपत्रिका तपासून होतात आणि किती उरल्या आहेत, हा त्रैराशिकाचा हिशेब सातवींतल्या मुलानें केला असता.

त्याच वर्षीं आमच्या दारींहि असाच एक तमाशा झाला. जूनमध्यें राज्य सरकारनें चौतीस हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली. अर्ज संगणकावर भरावयाचे. सोयाबीन उभें सोडून शेतकरी अंगठे उठविण्यासाठीं केंद्रावर रांगा लावून बसले. दिवाळीच्या मुहूर्तावर, १८ ऑक्टोबरला, समारंभपूर्वक प्रमाणपत्रें वांटलीं. मागाहून बँकांच्या याद्यांत खात्यांचा आणि आधार-क्रमांकांचा घोळ निघाला, आणि प्रत्यक्ष पैसे खात्यावर पडण्यास पुष्कळ विलंब लागला. दिवाळी ही तारीख कोणीतरी वर ठरविली होती. याद्या जुळल्या नाहींत असें सांगणारा एखादा मनुष्य खालीं बसलेला असणारच. याद्या ज्याच्या समोर असतात त्याला तें दिसतेंच. त्याचा शब्द मुहूर्ताच्या आधीं वर पोहोंचता तर प्रमाणपत्र हातीं घेऊन बँकेंत गेलेल्या म्हाताऱ्याला रिकाम्या हातीं परतावें लागलें नसतें.

आणि जेथें पैशांचा नव्हे, जिवाचाच प्रश्न असतो तेथें? २७ जानेवारी १९८६ च्या संध्याकाळीं चॅलेंजर ह्या अवकाशयानाचे अग्निबाण बनविणाऱ्या कंपनीच्या एंजिनियरांनीं सांगितलें कीं, उद्यां थंडी फार आहे, सांध्यांतल्या रबरी कड्या दगा देतील, उड्डाण करूं नये. नासाच्या मधल्या अधिकाऱ्यांना हें रुचलें नाहीं. कंपनीच्या व्यवस्थापकांनीं आपसांत विचार केला आणि एंजिनियरांचा सल्ला फिरवून 'होय' कळविलें. दुसऱ्या दिवशीं त्र्याहत्तराव्या सेकंदाला यान फुटलें. सात माणसें गेलीं. चौकशी-समितीला असें आढळलें कीं, उड्डाणाचा शेवटचा निर्णय ज्यांच्या हातीं होता त्यांना आदल्या रात्रींचा हा वाद कोणीं कळविलेलाच नव्हता. समितीवरील रिचर्ड फाइनमन ह्या पदार्थविज्ञानवेत्त्यानें पाहिलें कीं, अपघाताचा संभव एंजिनियर शंभरांत एक मानतात आणि व्यवस्थापक लाखांत एक. शंभर आणि लाख ह्यांच्या मध्यें किती मेजें असतील? प्रत्येक मेजावर थोडी साखर पडली कीं एवढें अंतर सहज चालतां येतें.

आतां भाच्याचें उत्तर. खरी शंका वर सांगितली तर काम मिळत नाहीं, मंजुरी मिळत नाहीं. मोठीं कामें थोड्याशा असत्यावांचून सुरूच होत नाहींत. ह्यांत तथ्य आहे हें मी नाकारीत नाहीं. पुष्कळ धरणें आणि पूल खऱ्या खर्चाचा आंकडा प्रथम सांगितला असता तर झाले नसते. परंतु ह्या युक्तिवादाचा हिशेब पुरता मांडा. खोट्या आंकड्यावर मिळालेली मंजुरी हें कर्ज आहे, आणि तें घेणारा एक व फेडणारा दुसरा. दसऱ्याची तारीख कबूल करणाऱ्याला त्या रात्रीं झोप लागली; ती फेडली नऊ जणांनीं, त्यांतही सर्वांत जास्त त्या मुलीनें, जी खरें बोलली होती. स्वतःच्या घरावर गहाण टाकून धाडस करणाऱ्याला मी धाडसी म्हणेन. दुसऱ्याच्या घरावर टाकणाऱ्याला आमच्याकडे दुसरा शब्द आहे.

शिवाय वरच्यांना शंका सोसत नाहीं, हें गृहीत धरणें हा वरच्यांचाहि अपमान आहे. दुष्काळ, युद्ध, बाजाराची पडझड हे लोक पचवितात, आणि 'चार ते सात' हे तीन शब्द त्यांना पचणार नाहींत? कित्येकदां तो आंकडा त्यांच्या फायद्याचाच असतो. सात महिने लागतील हें कळलें असतें तर त्यांनीं गिऱ्हाइकाला अर्धाच भाग आधीं देऊं केला असता, किंवा दुसरीकडची चार माणसें जुलैंतच दिलीं असतीं. ऑक्टोबरांत दिलेल्या माणसांचा उपयोग होत नाहीं. नव्या माणसाला शिकविण्यांतच जुन्याचा वेळ जातो, आणि उशीर झालेलें काम त्यानें अधिकच लांबतें, हें फ्रेड ब्रूक्स ह्या आयबीएमच्या अनुभवी गृहस्थानें १९७५ पासून छापून ठेविलें आहे. पण खरी स्थिति कळल्यावांचून राजा तरी निर्णय कशावर घेणार?

तथापि सगळा दोष मधल्यावर टाकून वरच्यांना मोकळें सोडणें मला साधणार नाहीं. जीभ गोड होते ती कडू शब्दाला शिक्षा झालेली पाहून. बैठकींत जो 'सात' म्हणेल त्याच्याकडे भिवई उंचावून पाहावयाचें, जो 'तीन' म्हणेल त्याची पाठ थोपटावयाची, आणि दसऱ्यानंतर दोघांनाहि सारखेंच रागवावयाचें, अशी रीत जेथें आहे तेथें पुढच्या जुलैंत कोणी 'सात' म्हणणार नाहीं. (ही रीत आमच्या घरांतूनहि चालते. प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही हवी असली कीं मुलगा आधीं आईकडे जातो. आई बेरीज करून दाखविते, गणिताचा आंकडा अंगठ्याखालीं धरते. ती वाईट नाहीं. तिनें मागच्या वर्षींचा राग पाहिलेला असतो.) वरिष्ठ म्हणवून घेणाऱ्यानें 'कधीं होईल?' एवढेंच विचारूं नये. 'लवकरांत लवकर कधीं, उशिरांत उशिरा कधीं, आणि हें अंतर कमी करण्यास काय पाहिजे?' असें विचारावें, आणि उत्तर ऐकतांना भिवई जागेवर ठेवावी.

खालचेहि धुतल्या तांदळाचे नसतात. दोन महिन्यांचें काम चार महिन्यांचें म्हणून सांगावयाचें, म्हणजे वरच्यांनीं कापून तीन केले तरी एक महिना पदरांत, ही त्यांची कला. हीहि साखरच, उलट्या बाजूनें घातलेली. आणि तिचाहि उगम तोच, आपला शब्द वर जसाच्या तसा पोहोंचणार नाहीं ही खात्री. ज्या बाजारांत गिऱ्हाईक निम्म्यानेंच मागतें तेथें दुकानदार दुप्पट सांगतो. त्याला एकट्याला सत्यवादी होऊन भागत नाहीं.

मग तारीख खरोखरच बांधलेली असली तर? असते कधींकधीं. निवडणूक ठरल्या दिवशीं होते, परीक्षा ठरल्या दिवशीं होते, आणि पाऊस तर कोणाचेंच ऐकत नाहीं. अशा वेळीं काय करावें तें आमच्या शेतकऱ्याला विचारा. मृग कोरडा गेला आणि पेरणी लांबली, तर तो मूग-उडदाचा नाद सोडतो, तुरीचे तास वाढवितो, बियाणें बदलतो. दिवस हातचे नाहींत म्हणून पीक बदलतो. पण मूग पेरला असें सांगून तूर काढीत नाहीं. हळदीची गोष्ट तर आणखी सरळ. हिंगोली जिल्ह्याचें तें नगदी पीक. जमिनींत आठ-नऊ महिने, मग शिजविणें, वाळविणें, घोळणें. सहा महिन्यांत पाहिजे असें मालकानें म्हटलें तर मिळेल, पण तें हळकुंड हळद नव्हे. 'पी हळद नि हो गोरी' ही म्हण काढणाऱ्या आजीबाईनें हिंजवडी पाहिली नव्हती. पण तिला हा सगळा व्यवहार ठाऊक होता. तारीख बांधलेली असेल तेव्हां मधल्या माणसानें वर जाऊन एवढेंच सांगावें कीं, ह्या दिवशीं ह्या दहांपैकीं सहा गोष्टी होतील. कोणत्या सहा हव्यात तें आपण निवडा. आणि खालीं येऊन सांगावें कीं, हा दिवस अमक्या कारणासाठीं बांधलेला आहे. कारण खरें असावें. माणसें खऱ्या कारणासाठीं रात्रीं जागतात आणि कुरकुरतहि नाहींत. वारकरी चालतात ते कांहीं कोणीं तारीख दटावली म्हणून नव्हे.

तेव्हां मधल्या माणसानें अपेक्षा जुळविण्याच्या फंदांत पडूं नये. त्यानें शंका पोहोंचवावी. खालून येणाऱ्या आंकड्याला जी शंका चिकटून येते ती त्याच्या मेजावर गळतां कामा नये. त्यामुळें वर कोणी नाराज होईल, बैठक लांबेल, क्वचित् कामहि हातचें जाईल. कित्येक म्हणतील कीं, एवढेंच असेल तर मधला माणूस हवा कशाला. वरच्यांनीं खालच्यांशीं बोलावें. मला हें पटत नाहीं. नऊ जणांचें नऊ तऱ्हांचें बोलणें ऐकून त्यांतलें कोणतें भय आहे, कोणता आळस आहे आणि कोणती खरी अडचण आहे, हें ओळखण्यास त्यांच्यांत बसणारा जाणता मनुष्य लागतो. तलाठ्यावांचून कलेक्टरला शिवार दिसत नाहीं. मात्र तो तलाठी पाहिजे, मक्तेदार नव्हे.

हें सगळें मीं भाच्याला पत्रानें लिहिलें. समोर बोलावयाचें धैर्य झालें नव्हतें, हें कबूल करतों. १५ डिसेंबरच्या सुमारास, म्हणजे इकडे अंतिम पैसेवारीची चर्चा चालू असतां, त्याचा फोन आला. नव्या कामाचा अंदाज त्यानें वर पाठविला होता, आणि ह्या खेपेस दोन तारखा लिहिल्या होत्या, एक मार्चमधली आणि एक जुलैमधली. खालीं दोन ओळींत कारण. कागद तासाभरांत परत आला. वर लिहिलें होतें, 'उत्तम. फक्त पहिली तारीख ठेवून पुन्हां पाठवावें.'

त्यानें दोन्ही तारखांसह तोच कागद पुन्हां पाठविला आहे. त्याची आई रोज विचारते कीं, नोकरीचें काय झालें. तो म्हणतो, अजून उत्तर नाहीं.